डबा हाय म्हणतोय

“लाइट फुल आली गं!” आत्या अंगणातून ओरडल्या, आणि आमच्या घरातला पंखा थांबला.

ऑक्सिजनचं मशीन त्याच्याही आधी थांबलं होतं. त्या दिवसांत माझे कान त्या मशीनलाच बांधलेले असत. मी भाकरी थापत असले, धुणं धूत असले, तरी त्याची घुर्र-फुस्स, घुर्र-फुस्स मागे चालू आहे ना, हे ऐकत असे. ती थांबली आणि मशीन पीं करून ओरडायला लागलं. पाळण्यात शर्वरी झोपली होती. नाकातली नळी, गालावरच्या चिकटपट्ट्या, सगळं जागच्या जागी होतं. नळीतून येणारं तेवढं बंद झालं होतं.

मी कोपऱ्यातल्या सिलिंडरची किल्ली फिरवली, नळी त्याला जोडली, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे आले ते पाहिले, आणि मग काट्याकडे पाहिलं. काटा लाल पट्ट्याला टेकला होता. मोठा सिलिंडर शर्वरीचे बाबा, प्रमोद, सकाळीच भरायला घेऊन गेले होते. उरला होता तो हा छोटा. तासभर पुरेल, नाहीतर तेवढाही नाही.

शर्वरी सातव्या महिन्यात झाली. मिरजेच्या दवाखान्यातून तिला घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, “फुप्फुसं कच्ची आहेत. वाढतील. पण तोवर ऑक्सिजन तुटता कामा नये.” त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, की मी दोनदा विचारलं, तुटला तर? दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी प्रमोदकडे पाहून उत्तर दिलं होतं.

म्हणून मशीन घरात यायच्या आधी मी घराची लाइट बघून घेतली. मी डोंबिवलीची, बी.एस्सी. झालेली. इथे सांगलीकडच्या या गावात लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, लाइट एकतर असते नाहीतर नसते. इथे तिला प्रकृती होती. संध्याकाळी मळ्यातल्या मोटारी सुरू झाल्या की बल्बची नुसती तार लाल दिसायची आणि पंख्याची पाती मोजता यायची. मग घरोघर लाइट वाढवणाऱ्या बूस्टरची खटखट चालू होई. अशा गावात ‘लाइट फुल आली’ ही आनंदाची बातमी असते. दळण, मिक्सर, मोबाइल, सगळं तेव्हाच उरकून घ्यायचं. लाइट जास्त होऊ शकते हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मी मात्र वाचलं होतं, आणि वाचल्यापासून झोपेतही तेच दिसायचं. कमी लाइटीत मशीन बंद पडेल. जास्त लाइटीत ते जळून जाईल, आणि दुसरं मिळायला मिरजेला फोन करून दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागेल.

गावचा वायरमन जोतिराम. त्याच्याकडून मी मीटरच्या पुढे एक डबा बसवून घेतला. लाइट ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की डबा घराची लाइट तोडतो, खाली आली की थोडं थांबून परत जोडतो. एरवी त्याच्यावर व्होल्टचा आकडा दिसायचा, दोनशे दहा, एकशे ऐंशी असा. डबा बसवताना आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, खांबाला टेकून बघत होत्या.

“दाराला कडी असती, गोठ्याला असती. आता लाइटीलाबी कडी?”

“पोरीच्या मशीनसाठी हाय काकू,” जोतिराम म्हणाला.

“आमची सहा बाळंतपणं चिमणीच्या उजेडात झाली. चिमणीला कुठला डबा हुता?”

जोतिरामने जाताजाता डब्याच्या बाजूला एक बटण बसवलं. ते वर केलं की डब्याला वळसा घालून लाइट थेट घरात. मी नको म्हणत होते. “अडीनडीला असू दे, वैनी,” तो म्हणाला. “मशिनीवर लई भरवसा ठेवू न्हाय.”

त्या दुपारी पंखा थांबला तेव्हा मी आधी त्या डब्याकडेच गेले. आकडा नव्हता. दोन लाल इंग्रजी अक्षरं उघडझाप करत होती, एच आणि आय.

आत्या आत आल्या. “सगळ्या गल्लीत लाइट फुल हाय, आन् आपल्याच घरात अंधार?”

“डब्याने तोडलीये आत्या. लाइट जास्त झालीये.”

“जास्त?” त्यांनी तो शब्द असा उच्चारला, जसं काही मी ‘पाणी जास्त कोरडं झालंय’ म्हटलं असावं. त्या पाळण्याशी गेल्या, शर्वरीचा चिमुकला हात उचलला आणि उजेडाकडे धरून नखं बघितली. मीही दिवसातून पंचवीसदा हेच करत असे. नखं गुलाबी होती. त्यांनी हात परत दुपट्यात ठेवला.

“सिलिंडर कितीक पुरंल?”

“जास्त नाही.”

“प्रमोदला लाव.”

प्रमोद दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर सुपरवायझर. फोन लागत नव्हता. सिलिंडर घेऊन ते घाटाच्या रस्त्यात असणार. मी तिसऱ्यांदा लावत होते तेवढ्यात शेजारचे शंकरनाना आले. नाना म्हणजे माझे चुलतसासरे, गल्लीतल्या प्रत्येक बिघाडावर ज्यांच्याकडे उपाय असतो असे गृहस्थ. त्यांच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता, पंखा घुमत होता.

“काय गं, काय झालं? आमचा पंखा बघ, विमानागत फिरायलाय. किती दिसांनी अशी लाइट आली.”

“नाना, तुमच्या घरातलं सगळं बंद करा. टीव्ही, फ्रिज, सगळं. लाइट जास्त येतेय.”

ते हसले. वाईट हसू नव्हतं, पण हसले. “पोरी, लाइट कमी म्हणून मोर्चे निघालेलं बघितलं हाईत म्या. लाइट जास्त म्हणून रडणारी तू पहिलीच.” मग ते डब्यापाशी गेले, चष्मा कपाळावर चढवून वाकले. नाना मॅट्रिकपर्यंत शिकलेले. इंग्रजी अक्षरं त्यांना येत.

“एच. आय. हाय.” त्यांनी आत्यांकडे वळून निकाल दिला. “वैनी, डबा सोताच सांगतोय, लाइट हाय. लाइट हाय, पर ह्यो आत सोडत न्हाय. बिघडलाय.”

“नाना, ते आपलं ‘हाय’ नाही. इंग्रजी आहे. हाय म्हणजे जास्त.”

“कंपनी कुठली? आपल्या देशातलीच ना? मग?”

आत्यांनी तोवर त्यांचा फोन काढून जोतिरामला लावला होता. ऐकायला कमी येतं म्हणून त्या नेहमी स्पीकर चालू ठेवत. पलीकडून मोटरसायकलची फटफट ऐकू येत होती.

“जोत्या, आमची लाइट गेली बघ.”

“तुमच्या गल्लीत लाइट हाय की काकू. आत्ताच फोन आलता, फुल हाय म्हणून.”

“त्येच की. गल्लीत हाय, घरात न्हाय.”

“बरं. डब्यावर काय हाय?”

“हाय हाय.”

“हाय ना?”

“आरं हायच हाय. लाल लाल हाय.”

“मग डबाच गेला म्हणायचा. बाजूचं बटण वर करा, डायरेक्ट हुतंय.”

“जोतिरामभाऊ, थांबा!” मी धावत फोनपाशी गेले. “तसं हाय नाही, एच आय…” पण फोन बंद झाला होता. मी माझ्या फोनवरून लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त.

“झालं,” नाना म्हणाले. “ज्यानं डबा लावला त्यानंच सांगितलं. आता कुणाला इचारायचं, तुझ्या कॉलेजला?” आणि ते बटणाकडे निघाले.

मी त्यांच्या आधी पोचले आणि बोर्डाला पाठ लावून उभी राहिले. सासऱ्याच्या वयाच्या माणसाच्या वाटेत असं उभं राहण्याची त्या घरातली माझी ती पहिलीच वेळ. माझा पदर खांद्यावरून घसरला होता, हाताला पीठ होतं.

“बाजूला हो.”

“नाही होणार.”

“वैनी, सुनेला सांगा.”

आत्या माझ्याशी कधी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशीही चढवला नाही. “केतकी, सिलिंडर सपला मग काय करशील? डबा घिऊन काय चाटशील? पोरगी जाईल तुझ्या शिकलेल्या खुळापायी.”

हे मला लागलं ते खोटं होतं म्हणून नव्हे. मीही तेच मोजत होते. डबा म्हणजे काही देव नव्हता. तो खरंच बिघडला असेल तर? बाहेर चांगली दोनशे तीस लाइट असेल, मशीन त्यावर मजेत चाललं असतं, आणि मी इथे दोन लाल अक्षरांवर विश्वास ठेवून मुलीचा श्वास संपवत बसले असेन, तर? खरंखोटं तपासायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. बाटलीतले बुडबुडे मला उभ्या जागेवरून दिसत होते. अजून येत होते.

“बरं,” मी म्हटलं. “लावा डायरेक्ट. पण मशीन नाही लावायचं. आधी दुसरं काहीतरी.”

“दुसरं काय?”

“काहीही. तुमचा मिक्सर लावा.”

“मिक्सर कशाला?” आत्या लगेच म्हणाल्या, आणि मग थोड्या थांबल्या. त्या थांबल्या हे मी पाहिलं. “मिक्सर नको. सैपाकघरातला बल्ब लाव.”

मी मशीनची पिन काढून मुठीत धरली. बूस्टरची काढली, फ्रिजची काढली, घरभर फिरून बटणं बंद केली. आत्यांनी पाळणा ओढून पार पुढच्या खोलीत, दारापाशी नेला, सिलिंडर मी मागून सरकवत नेला. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बचं तेवढं बटण चालू ठेवलं. आम्ही तिघं उंबऱ्याच्या अलीकडे उभे राहिलो. नानांनी बोर्डावरचं बटण वर केलं.

बल्ब लागला. पिवळा नव्हे, पांढरा. फळीवरचे डबे, भिंतीवरची काजळी, परातीतलं पीठ, सगळं लग्नाच्या फोटोत दिसावं तसं लख्ख दिसायला लागलं.

“बघ!” आत्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात एवढी सुटका होती, की मला त्यांचा रागच येईना. “बघ कशी फुल हाय! लाव, लाव मशीन…”

मी मूठ उघडली नाही. का, ते मला सांगता येणार नाही. बल्बकडे बघवत नव्हतं एवढंच.

मग फट् झालं. काच परातीत पडली, ओट्यावर पडली, एक तुकडा घरंगळत आमच्या पायांपर्यंत आला. होल्डरमधून धुराची बारीक रेघ वर गेली.

 मी बटण खाली केलं. डब्यावर एच आणि आय उघडझाप करतच होते.

आत्या काचेकडे बघत होत्या. “हाय म्हंजे काय म्हणालीस मगाशी?”

“जास्त.”

“आन् मग त्यो आत सोडत न्हाय.”

“नाही सोडत.”

“म्हंजे हाय म्हंजे न्हाय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मान वर करून नानांवर ओरडल्या, “भावजी, तुमचा टीव्ही!”

नाना धावलेच. ते अंगणात पोचायच्या आतच त्यांच्या सुनेची किंकाळी आली, आणि टीव्हीचा आवाज मध्येच तुटला. आत्या नऊवारीचा काष्टा सावरत गल्लीत उतरल्या आणि दोन्ही हात वर करून ओरडत सुटल्या, “बंद करा गं! फुल न्हाय, जास्त हाय! समदं बंद करा!” बायका दारात येऊन त्यांच्याकडे बघत राहिल्या. पवारांच्या मंगलने तर विचारलं, “काकू, लाइट जास्त हाय तर बरंच हाय की?” तिच्या घरातून तेव्हा रबर जळल्याचा वास येत होता.

मी पाळण्यापाशी होते. बुडबुडे आता सलग नव्हते. दोन यायचे, थांबायचे, मग एक. शर्वरी जागी झाली होती आणि रडत नव्हती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिची नखं बघितली. गुलाबी म्हणता येईना, निळी म्हणवेना.

आता गल्लीत कुठेही मशीन लावणं शक्य नव्हतं. डब्याने बरोबर केलं होतं, आणि त्याने शर्वरीच्या श्वासाला काडीचाही फरक पडत नव्हता. जनरेटर गावात एकाच ठिकाणी होता, प्रमोदच्या शीतकरण केंद्रावर. दूध नासू नये म्हणून ठेवलेला.

“आत्या,” मी हाक मारली, “केंद्रावर जायचं.”

त्यांनी का, कशाला विचारलं नाही. “भावजी, गाडी काढा!” त्या गल्लीच्या टोकाकडून ओरडल्या.

नानांचा हात काळा झाला होता. मेन स्विच ओढताना भाजला होता. टीव्ही, दोन पंखे, मुलाचा चार्जर, सगळं गेलं होतं. ते तसंच टाकून ते गाडी घेऊन आले. त्यांनी मशीन खांद्यावर घेतलं आणि पिकअपच्या हौद्यात घोंगड्यावर ठेवलं. आत्या शर्वरीला पोटाशी धरून पुढे बसल्या, मी सिलिंडर मांडीवर आडवा धरून त्यांना खेटून. नळी आम्हा दोघींच्या मधून गेली होती.

डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबांपाशी, रस्ता अडलेला. उसाची ट्रॉली तिरकी उभी, ऊस घराच्या उंचीला भरलेला, आणि खांबावरून एक तार तुटून तिच्यावर लोंबत होती. जोतिराम हात आडवे करून माणसांना मागे सारत होता. आम्हाला बघून तो खिडकीशी आला.

“काकू, न्यूट्रल तुटलाय. खालची तार. ट्रॉली अडकली तरी लाइट गेली न्हाय, म्हणून कुणी मला सांगितलंच न्हाय. ती तार गेली की एका घराची लाइट दुसऱ्या घरात घुसती. चारशे आली आसंल चारशे.” मग त्याची नजर नळीवर गेली. “वैनी, मशीन…? काकू, तुमी हाय म्हणाला म्हणून म्या…”

“आरं, बाजूला हो आधी,” आत्या म्हणाल्या. “गाडी जाऊ दे.”

त्याने माणसं हटवली, नानांनी गाडी बांधावरून घातली. पिकअप कलंडते की काय असं झालं, आत्यांचं डोकं काचेला आपटलं, पण शर्वरीवरचा हात हलला नाही. “बघ तिच्याकडं,” त्या म्हणाल्या, “मला सांगत ऱ्हा.” मी सांगत राहिले. डोळे उघडे आहेत. ओठ बरे आहेत. नाकपुड्या फुलतायत. बाटली पायाशी होती. त्यातलं पाणी आता गाडीच्या हादऱ्यानेच हलत होतं, बुडबुडा नव्हता.

केंद्राच्या फाटकातच जनरेटरची धडधड ऐकू आली. नानांनी मशीन उचलून आत नेलं, मी मागे धावले. ऑपरेटर सर्जेराव दुधाच्या टाकीपाशी होता. त्याने काही न विचारता भिंतीवरचा खटका दाखवला. “हितं लावा वैनी.”

मी पिन घेऊन वाकले आणि सॉकेटवर एक हात आडवा आला. सुरकुतलेला, हिरव्या बांगड्यांचा. दुसऱ्या हाताने त्यांनी शर्वरीला छातीशी धरलं होतं. तिचा श्वास त्यांच्या चोळीवर इतका भराभर वाजत होता, की मला तो उभ्या जागी ऐकू येत होता.

“आत्या, सिलिंडर संपलाय.”

“मला दिसतंय.” त्या सर्जेरावकडे वळल्या. “लाइट कशी हाय?”

“हाय की काकू. जनरेटरची हाय, काळजी करू नका.”

“नुसतं हाय म्हणू नगंस. आकडा सांग.”

सर्जेराव गोंधळून आधी माझ्याकडे बघत राहिला, मग पॅनेलकडे पळाला.

“दोनशे अठ्ठावीस!”

“दोनशे अठ्ठावीस?” आत्यांनी मला विचारलं.

“चालेल,” मी म्हटलं.

मग त्यांनी हात काढला, आणि मी पिन खोचली.